सेकंड लाइफ: १०२४ मीटरचं पार्सल, ३५१ ची मर्यादा, आणि झोपाळा अजून टांगायचाच आहे

ओटीवरचा लिहितो:

मंडळी, सेकंड लाइफ या ऑनलाइन त्रिमितीय जगात घर मांडताना डोकं फिरायची वेळ आली म्हणून इथे विचारतो. खातं बेसिक, म्हणजे चकटफू. जागा मेनलँडवर, म्हणजे कंपनीच्या मुख्य भूमीवर, भाड्याने घेतलेली, १०२४ चौरस मीटर, ३२ बाय ३२ चा सरळ चौकोन. जागामालकाने ३५१ लँड इम्पॅक्टपर्यंत (प्रत्येक वस्तू जमिनीच्या क्षमतेतून जेवढं खाते तो आकडा) सामान ठेवायला सांगितलंय. वाड्यासारखं घर मांडतोय. आत्ताचा हिशेब असा:

विकतचं मेश घर (बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणांनी घडवलेलं) ९६
कुंपणाची भिंत, स्वतः बांधलेली, ३६ प्रिम (सेकंड लाइफमधलेच साधे ठोकळे): ३६
वडाचं झाड ४१
स्वयंपाकघर ४४
सोफा ३२
पलंग २२
पुस्तकांचं कपाट ४, त्यातली २० सुटी पुस्तकं २०
कपबशा आणि ताटं १४
तुळशीवृंदावन, स्वतः बांधलेलं, १८ प्रिम: १८
दिवे, कुंड्या वगैरे १२

झाले ३३९. मालकाच्या भाडेपेटीचे २ धरून ३४१. उरले १०. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो पितळी कड्यांचा झोपाळा १४ चा. ठेवायला गेलं की ‘पार्सल (म्हणजे जमिनीचा तुकडा) भरलंय’ असा निरोप येतो.

एका सोफ्याला ३२ आणि एका बशीला १, हा कुठल्या पेढीवरचा हिशेब? फुकट खातं आहे म्हणून हात आखडता घेतलाय का? पैसे भरून प्रीमियम झालो तर आकडा वाढेल का? की एकेक कपबशी काढून टाकायची?

खुंटीआणिदोरी लिहितो:

कपबशीला हात लावू नका. आधी गैरसमज काढू: ही मर्यादा जमिनीची आहे, खात्याची नाही. पूर्ण रीजन, म्हणजे जमिनीचा मोठा चौकोन, २५६ बाय २५६ मीटरचा, म्हणजे ६५,५३६ चौरस मीटर. मेनलँडच्या पूर्ण रीजनची क्षमता २२,५००. तुमचा तुकडा १०२४ चा, त्याच्या वाट्याला ३५१ येतात. त्याच जागेवर प्रीमियम सभासद राहायला आला तरी त्यालाही ३५१ च. प्रीमियमने फरक पडतो तो वेगळा: बेसिक खात्याला मेनलँडवर जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही, प्रीमियमला येते, आणि १०२४ मीटरपर्यंत वेगळं मासिक जमीनशुल्क पडत नाही. मार्च २०१८ च्या आधी एवढ्याच तुकड्यावर २३४ मिळायचे. त्या मानाने आपण सुखात आहोत.

आता सोफा आणि बशी. ‘प्रिम मोजायचे’ हा जुना हिशेब, २०११ मध्ये मेश येईपर्यंतचा. तेव्हापासून मेश असलेल्या प्रत्येक वस्तूची तीन वजनं निघतात: डाउनलोड, फिजिक्स आणि सर्व्हर. तिन्हींत जे सर्वांत जास्त तो त्या वस्तूचा लँड इम्पॅक्ट. मग पूर्णांकात घेतात, आणि १ च्या खाली कोणी जात नाही.

डाउनलोड वजन म्हणजे बघणाऱ्याच्या संगणकाला वस्तूचा आकार उतरवून घ्यायला लागणारा भार. त्रिकोण जास्त तर वजन जास्त, आणि वस्तू जितकी मोठी तितकी ती लांबून तपशिलात दिसते, म्हणून ताणली की वजन चढतं. फिजिक्स वजन म्हणजे टक्कर मोजायचा भार. सर्व्हर वजन सोपं: प्रत्येक भागाचा अर्धा, त्यातल्या प्रत्येक स्क्रिप्टचा (वस्तूला काम करायला लावणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा) पाव, पण भागांच्या एकूण संख्येपेक्षा जास्त कधीच नाही.

बशी एक भागाची, सर्व्हर वजन ०.५. एकटी ठेवली की १ धरली जाते. दुसरी बशी तिला लिंक केली की दोघींची मिळून १. तुमच्या पुस्तकांचं हेच होतंय. २० सुटी म्हणून २०. एकमेकांना जोडली की १०.

आता कामाला लागा, आणि या क्रमानेच करा, कारण पहिल्यात सगळ्यात जास्त सुटतं.

सोफा. उजवी टिचकी, एडिट. बिल्ड खिडकीत ‘मोअर इन्फो’ दाबा, तिन्ही वजनं दिसतील. माझी पैज आहे की फिजिक्स ३२ असेल आणि बाकीची दोन दहाच्या आत. विकणाऱ्याने उशीच्या प्रत्येक सुरकुतीची टक्कर मोजायला लावलेली असते. बसण्याची जागा स्क्रिप्ट ठरवते, टक्कर नाही, तेव्हा हे सगळं फुकट जातं. ‘फीचर्स’ टॅबमध्ये फिजिक्स शेप टाइप आहे, तिथे ‘प्रिम’ ऐवजी ‘कॉन्व्हेक्स हल’ निवडा. सोफा अनेक भागांचा असेल तर ‘एडिट लिंक्ड’ला खूण करून आतल्या भागांना ‘नन’ द्या. मूळ भागाला ‘नन’ देता येत नाही, त्याला कॉन्व्हेक्स हलच. आणि फँटम, म्हणजे आरपार जाता येईल अशी, करून काही होत नाही, वजन तेच राहतं. वस्तूला मॉडिफायची, म्हणजे बदल करायची, परवानगी हवी, नसेल तर हा दरवाजा बंद.

पुस्तकं. एक सोडून बाकी सगळी शिफ्ट धरून निवडा, शेवटी कपाटावर टिचकी मारा, मग कंट्रोल आणि एल. शेवटी निवडलेली वस्तू मूळ भाग होते, म्हणून कपाट शेवटी. राहिलेलं पुस्तक ओट्यावर ठेवा, घर राहतं वाटेल. (सगळीच जोडलीत तरी चालेल.)

कपबशा तशाच. ताटांना ताटं, टेबलाला नको: टेबलात बसायच्या स्क्रिप्ट असतील तर लिंक वाढल्यावर त्यांचा भागांचा क्रम बदलतो आणि माणूस टेबलाच्या पायात बसतो.

कुंपण. साधे प्रिम, त्यात मेश नाही, म्हणून त्यांना अजून जुना हिशेब लागतोय, प्रत्येकी १. लिंकसेटमधल्या एकाचाही फिजिक्स टाइप कॉन्व्हेक्स हल किंवा नन केला की अख्खा सेट नव्या हिशेबात येतो आणि साध्या ठोकळ्याला अर्धाच पडतो. ३६ चे १८. चारही बाजू एका फटक्यात जोडायला जाऊ नका, तुकडे फार लांब आहेत म्हणून नकार येऊ शकतो. १०, १०, ८, ८ असे चार सेट करा. सम आकडे ठेवले की पूर्णांकात घेताना काही सांडत नाही.

चौथामजला लिहितो:

एवढं कशाला? टेम्प रेझर घ्या. तो वस्तू तात्पुरती उभी करतो, मिनिटभराने ती जाते आणि तो लगेच नवी उभी करतो. तात्पुरती वस्तू पार्सलच्या मोजणीत धरत नाहीत. ४४ चं स्वयंपाकघर शून्यावर येईल.

खुंटीआणिदोरी लिहितो:

चौथामजला, हे भाड्याच्या जागेत सांगू नका हो. दर मिनिटाला ४४ चं सामान पुसून पुन्हा मांडायचं म्हणजे सर्व्हरवर त्याचा भार पडतो आणि सगळ्या शेजाऱ्यांचं चालणं अडखळतं. बघणाऱ्याला ओटा दर मिनिटाला लुकलुकताना दिसतो. कोणी स्टुलावर बसलं असेल तर स्टूल नाहीसं होतं आणि तो उभा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, नो-कॉपी, म्हणजे जिची प्रत काढता येत नाही अशा, वस्तूला चुकून टेम्पररीची खूण केलीत तर ती मिनिटाने जाते ती कायमची. लॉस्ट अँड फाउंड या परत आलेल्या वस्तूंच्या फोल्डरमध्येही येत नाही. बहुतेक जागामालकांच्या नियमात टेम्प रेझरला सरळ बंदी असते, ती उगीच नाही.

रेझरच हवा असेल तर सीन रेझर घ्या. एका पेटीत स्वयंपाकघर, त्याच पेटीत दिवाणखाना, मेनूतून एक उचलून दुसरं मांडायचं. पेटीच्या पोटातलं सामान मोजणीत येत नाही, बाहेर मांडलेलंच येतं. वस्तू कॉपी असायला हव्यात, एवढंच.

पिवळीछत्री लिहिते:

एक राहिलं. तुमच्या जागामालकाचे त्याच रीजनमध्ये आणखी तुकडे असतील तर सगळ्यांची क्षमता एकत्र मोजली जाते. मग अबाउट लँडच्या ऑब्जेक्ट्स टॅबमध्ये ३५१ नाही, सगळ्यांचा मिळून मोठा आकडा दिसतो, आणि शेजारच्या भाडेकरूने जास्त सामान टाकलं की ‘भरलंय’ हा निरोप तुम्हाला येतो. म्हणून मालकाशी भांडायच्या आधी तो टॅब उघडा. खाली मालकाचं, ग्रुपला लावलेलं आणि इतरांचं सामान असे वेगळे आकडे आहेत. रिफ्रेश करून नावांची यादी बघा. तुमचं सामान ‘इतरांचं’ या ओळीत येत असेल तर मांडताना ग्रुपचा टॅग लावलेला नव्हता, आणि ऑटोरिटर्न चालू झालं तर ते सगळं परत येईल. फायरस्टॉर्म हा व्ह्यूअर (सेकंड लाइफ बघायचा प्रोग्रॅम) वापरत असाल तर एरिया सर्चमध्ये लँड इम्पॅक्टचा रकाना लावून मोठ्यापासून खाली रचता येतं. पूर्वीच्या भाडेकरूची जमिनीखाली पुरलेली चौकट तिथेच सापडते.

ओटीवरचा लिहितो:

सोफा ३२ चा ९ झाला! फिजिक्सच होतं, ३२.१. पुस्तकं १०. एकटाच मालक, एकच तुकडा, ऑब्जेक्ट्स टॅबमध्ये ३५१ च आहेत.

पण तीन ठिकाणी अडलो.
कुंपण १८ झालं खरं, पण दारातून आत जाता येत नाही. कमान दिसते, आणि काच असल्यासारखं डोकं आपटतं.
कपबशा १४ च्या ७ व्हायला हव्या होत्या, १० झाल्या.
वृंदावन सगळं जोडून कॉन्व्हेक्स केलं तर १८ चं ५३ झालं. हे कसं?

खुंटीआणिदोरी लिहितो:

दार: तुम्ही ३६ च्या ३६ प्रिमना कॉन्व्हेक्स हल दिलंत. कॉन्व्हेक्स म्हणजे वस्तूभोवती ताणून बसवलेला फुगा, त्यात पोकळी उरत नाही. पोकळ कमानीचं भोक बुजलं. एडिट लिंक्डमध्ये फक्त कमान निवडून तिला परत ‘प्रिम’ करा. सेटमधल्या एकाला कॉन्व्हेक्स असलं की पुरतं. मोअर इन्फो बघा, पोकळ प्रिमचं फिजिक्स जरा चढेल. फार चढलं तर कमानीऐवजी दोन खांब आणि वर एक तुळई ठेवा, तीन साधे ठोकळे. वाड्याला तेच शोभतं.

कपबशा: १४ पैकी १२ मध्ये एकेक स्क्रिप्ट आहे, चहा हातात देणारी. १४ चे अर्धे ७, अधिक १२ चे पाव ३. म्हणून १०. दोन-तीन कपांत स्क्रिप्ट ठेवा, बाकीच्यांच्या कंटेंट टॅबमधून काढा. सगळ्यांतली काढली तर ७.

वृंदावन: वरती पिळाची महिरप आहे का? टोरस, म्हणजे कड्याच्या आकाराचा प्रिम? पिळलेला, ताणलेला टोरस जुन्या हिशेबात बिचारा १, पण नव्या हिशेबात त्याचे त्रिकोण मोजले जातात, आणि ते शेकड्यांनी असतात. स्कल्प्ट (चित्रावरून आकार घेणाऱ्या) प्रिमचंही तसंच. उपाय: टोरस वेगळे काढा, कंट्रोल शिफ्ट एलने, पण एडिट लिंक्डमध्ये तेवढेच निवडून, नाहीतर सगळं वृंदावन विखुरतं. मग प्रत्येक टोरसचा टाइप परत ‘प्रिम’ करा. हे विसरलात तर तो सुटा होऊनही नव्याच हिशेबात राहतो. त्याच्यावर नॉर्मल किंवा स्पेक्युलर नकाशा (उठाव किंवा चमक दाखवणारं चित्र) लावला असेल तर तोही काढा, तो लागला की जुना हिशेब संपला.

दोन टोरस असतील तर २, उरलेले १६ ठोकळे जोडून ८. एकूण १०.

ओटीवरचा लिहितो:

दोनच टोरस. १० झालं. कपांच्या स्क्रिप्ट काढल्या, ७. कमान मोडून खांब-तुळई केली, कुंपण १९ झालं आणि आत जाता येतंय. आता सगळं मिळून २७६, भाडेपेटीसकट. झोपाळा लागला. वडाचं काही करता येईल का? ४१ डोळ्यांत खुपतात.

पिवळीछत्री लिहिते:

झाडाचं मोअर इन्फो बघा, डाउनलोडच मोठं असणार, आणि तुम्ही ते ताणलेलं असणार. मूळ आकाराला आणा आणि आकडा उतरताना बघा. एकाच मोठ्या वडापेक्षा दोन लहान झाडं कधीकधी कमीत बसतात. मागची झाडी फक्त गर्दीसाठी हवी असेल तर इन्व्हेंटरीच्या तळाशी लायब्ररी फोल्डर आहे, त्यात लिंडेनची, म्हणजे सेकंड लाइफच्या कंपनीची, झाडं आणि गवत आहे. कितीही मोठी असली तरी प्रत्येकाचा १. ती कशालाही लिंक होत नाहीत, आणि बाजारातल्या वडापुढे साधी दिसतात. पण कुंपणाच्या पलीकडून कोण बघतंय.

पुढच्या खरेदीसाठी: बाजारात ‘फक्त २ एलआय’ (लँड इम्पॅक्ट) लिहिलेल्या मोठ्या कपाटावर लगेच भुलू नका. मेशला चार पातळ्या असतात, जवळून दिसणारी ते लांबून दिसणारी. लांबच्या पातळ्या जवळजवळ रिकाम्या ठेवल्या की डाउनलोड वजन पडतं आणि आकडा सुंदर दिसतो. मग दहा पावलं मागे गेलं की कपाटाचा चुरगळलेला कागद होतो. विकणारा सांगतो, डीबग सेटिंगमध्ये रेंडर व्हॉल्यूम एलओडी फॅक्टर (जवळची पातळी किती लांबपर्यंत दाखवायची तो आकडा) ४ करा. तुमच्याकडे ते कपाट धड दिसेल, पाहुण्याकडे नाही, कारण ते सेटिंग ज्याच्या त्याच्या संगणकावर असतं. फायरस्टॉर्ममध्ये मुळातच २ असतं, त्यामुळे आपल्याला फरक उशिरा कळतो. डेमो सँडबॉक्समध्ये, म्हणजे सरावाच्या खुल्या जागेत, मांडा, फॅक्टर १ च्या आसपास आणून मागे चालत जा, मोअर इन्फो बघा, हवा तेवढा ताणून पुन्हा बघा. ताणल्यावरचा आकडा दुकानाच्या पानावर लिहिलेला नसतो. आणि कॉपी-मॉडिफाय घ्या. वर जे जे तुम्ही वाचवलंत ते मॉडिफायशिवाय होत नाही.

चौथामजला लिहितो:

टेम्पचं मागे घेतो. पण एक विचारतो, स्वयंपाकघर ४४ चं नो-मॉड दिसतंय, त्याचं काय?

खुंटीआणिदोरी लिहितो:

त्याला काही नाही. नो-मॉड वस्तू लिंकही होत नाही. सीन रेझरमध्ये घालायचं, तेही कॉपी असेल तर, नाहीतर दुसरं बघायचं.

स्वतः बनवायची हौस असेल तर ब्लेंडर हे त्रिमितीय आकार घडवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. मेश चढवायला मात्र खात्यावर पैसे भरायचा मार्ग नोंदवलेला लागतो आणि मालकी हक्कांबद्दलची छोटी परीक्षा द्यावी लागते. चढवायच्या खिडकीत आकडा आधीच दिसतो. फिजिक्ससाठी उच्च पातळीचाच आकार देऊ नका, तिथेच सोफ्याचे ३२ होतात. दोन-तीन ठोकळ्यांचा साधा आकार वेगळा करून द्या. बारीक, लांबट त्रिकोण फिजिक्सला सगळ्यात महाग पडतात, आणि म्हणून त्रिकोणी फिजिक्स असलेली वस्तू लहान केली की तिचं फिजिक्स वजन उलट वाढतं. एखादी बाजू अर्ध्या मीटरच्या खाली गेली की मग ती आपोआप कॉन्व्हेक्स होते.

चुका करायला चाचणी ग्रिड, म्हणजे सरावाचं वेगळं जग, आहे, तिथे खोट्या पैशांवर चढवता येतं. लॉगिनच्या पडद्यावर कंट्रोल शिफ्ट जी, ग्रिडची यादी उघडते. मुख्य ग्रिडचं नाव अग्नी आणि चाचणीच्या ग्रिडचं अदिती. नावं ठेवणाऱ्याने आपलंच पंचांग उघडलेलं दिसतंय.

लोखंडीगज लिहितो:

मोजामोजीचाच कंटाळा असेल तर ओपनसिम, सेकंड लाइफसारखं जग स्वतः चालवायचं फुकट सॉफ्टवेअर. स्वतःच्या संगणकावर रीजन चालवा. रीजनच्या सेटिंग फाइलमध्ये मॅक्सप्रिम्सला नेहमीचे १५,००० असतात, ते हवे तेवढे करा, आणि मर्यादा पाळायला लावणारा एन्फोर्स प्रिम लिमिट्स हा पर्याय मुळातच बंद असतो. एकटे राहायचं नसेल तर ओएसग्रिड या ओपनसिमवरच्या सामायिक जगाला घरचं रीजन जोडता येतं, जागेचं भाडं नाही. मर्यादा तिथेही आहे, ती तुमच्या रॅमची आणि घरच्या इंटरनेटच्या अपलोडची. चार पाहुणे आले की कळते.

सेकंड लाइफमध्ये विकत घेतलेलं मात्र तिकडे नेता येत नाही. व्ह्यूअरमधून एक्स्पोर्ट होतं ते तुम्ही स्वतः निर्माते असलेलंच. म्हणजे तुमचं कुंपण आणि वृंदावन येईल, तेही त्यांवरची चित्रं तुमची असतील तर. सोफा, वड आणि झोपाळा येणार नाहीत. आणि रोज रीजनची ओएआर फाइल (अख्ख्या रीजनची राखीव प्रत) काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. तिथे लॉस्ट अँड फाउंड सांभाळणारं तुमच्याशिवाय कोणी नसतं.

ओटीवरचा लिहितो:

वड मूळ आकाराला आणला, ४१ चा २३ झाला. आधी कुणीतरी, म्हणजे मीच, दीडपट ताणला होता. मागे लायब्ररीतली सहा झाडं लावली, सहा.

झोपाळ्याच्या कड्या पाटाला लिंक करू का? सुट्या चार आहेत, प्रत्येकी १.

खुंटीआणिदोरी लिहितो:

झोका देणारी स्क्रिप्ट पाटात आहे की कडीत ते आधी बघा. पाटात असेल आणि पाटच मूळ भाग झाला तर कड्याही त्याच्याबरोबर झुलतील, छतापासून सुटून. चारही कड्या एकमेकींना जोडा, पाटाला नको. ४ चे २.